बार मित्झ्वाचा खर्च, देणगीदाराचा फलक आणि मुलाची आई: जरा सल्ला हवाय

दिमोनाची_मावशी | मंगळवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. इथे दिवसभर जीभ हिब्रूत चालते, मराठी उरलीय ती नवऱ्याशी भांडायला.

मी दिमोनात राहते, इस्रायलच्या दक्षिणेला, नेगेवच्या वाळवंटात. माहेर पेणचं, ८९ साली इकडे आलो. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू, म्हणजे तुमच्या आजीच्या भाषेत शनवार तेली (शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ते नाव). इथे आपली माणसं बरीच आहेत, कोपऱ्यावरच्या दुकानात पोहे, कोकम, पापड सगळं मिळतं.

आता मुद्दा. आम्ही गल्लीतल्या आठ-नऊ बायका मिळून एक काम करतो, संस्था-बिंस्था काही नाही, एक वही आणि एक डबा आहे. ज्या घरात परिस्थिती नाही तिथल्या मुलांचा बार मित्झ्वा आणि मुलींचा बात मित्झ्वा करून द्यायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मुलगा १३ वर्षांचा झाला आणि मुलगी १२ ची झाली की धर्माचे नियम पाळायची जबाबदारी त्यांची स्वतःची होते. मुलगा पहिल्यांदा तेफिल्लीन (प्रार्थनेला अंगावर बांधायच्या कातडी डब्या) बांधतो, सगळ्यांसमोर तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, वाचायला उभा राहतो. मग जेवण, नाचगाणी, पाकिटं.

यंदा तीन मुलं आहेत. एक आपल्यातलाच, वडील चार वर्षांपूर्वी गेले, आई साफसफाईची कामं करते. दुसरा इथिओपियातून आलेल्या घरातला. तिसरी मुलगी आहे, आई रशियन बोलणारी, एकटीच आहे.

एक ओळखीचे गृहस्थ तिघांचा सगळा खर्च करायला तयार आहेत, हॉल, जेवण, कपडे, फोटोग्राफर, सगळं. पण स्टेजवर त्यांच्या नावाचा मोठा फलक पाहिजे आणि मुलांसोबतचे फोटो फेसबुकवर टाकणार. आपल्यातल्या मुलाच्या आईला विचारलं तर ती काही बोललीच नाही, पातेलं घासत बसली, मग म्हणाली फोटो नको. आमच्यात दोन तट पडलेत. एक म्हणतंय फलकच आहे ना, खाऊ दे की मान. दुसरं म्हणतंय नको ते पैसे.

तुमचं काय मत?

कोथरूडकर_७१ | मंगळवार, रात्री ११.१५

मावशी स्वागत! म्हणजे आपली मुंजच की ही. आणि तुमचा प्रश्न वाचून मला घरातलीच गोष्ट आठवली म्हणून लिहितोय.

पूर्वी आपल्याकडे स्वतःच्या मुलाच्या मुंजीत एखाद्या गरीब बटूची मुंज लावून द्यायची पद्धत होती, पुण्य लागतं म्हणून. माझ्या वडलांच्या मुंजीत आजोबांनी असाच एक मुलगा घेतला होता, वार लावून जेवणारा. सोवळं, पळी-पंचपात्र, भिक्षावळ, सगळं दोघांचं सारखं. आजोबा तसे सज्जन माणूस. पण आमच्याकडे एक आत्या होती, तो मुलगा पुढे चांगला नोकरीला लागला, लग्नकार्याला यायचा, आणि ही दरवेळी चारचौघांत "अरे हा आपल्या ओटीवर मुंज झालेला" म्हणून त्याची ओळख करून द्यायची. प्रेमानेच हो. आठ-दहा वर्षांनी तो यायचा बंद झाला. वडील शेवटपर्यंत म्हणायचे की मुंजीचा खर्च बाबांनी केला आणि वसूल ताईनं केला.

तुमचा फलक म्हणजे ती आत्या आहे.

ठाणे_लोकल | बुधवार, सकाळी ७.५०

कोथरूडकर, शेवटचं वाक्य 👌

मावशी, मी पण आपल्यातलाच, ठाण्याचा, आमचं सिनेगॉग शाआर हाशामाईम, १८७९ चं. थोडं शास्त्रातलं सांगतो, लोकलमध्ये टाईप करतोय त्यामुळे चुका होतील.

पहिली गोष्ट, हिब्रूत दानाला त्सेदाका म्हणतात, तो शब्द त्सेदेक वरून आलाय, त्सेदेक म्हणजे न्याय. दया नाही. ज्याचं त्याला देणं. दुसरी गोष्ट, रांबाम म्हणजे मायमोनिदिस, बाराव्या शतकातला ज्यू धर्मपंडित, त्यानं दानाच्या आठ पायऱ्या लावून ठेवल्यात. सगळ्यात वरची म्हणजे समोरच्याला कर्ज देऊन, भागीदारी देऊन, काम देऊन पायावर उभं करायचं. त्याच्या खालची, देणाऱ्याला माहीत नाही कोणाला दिलं आणि घेणाऱ्याला माहीत नाही कोणी दिलं. फलकवाले साहेब बरेच खाली येतात यात, पण यादीत येतात हेही खरं. देतात तरी.

आणि तालमूद (धर्मशास्त्राचा जुना ग्रंथ) मधली मार उक्वाची गोष्ट. शेजारच्या गरिबाच्या दाराच्या खाचेत तो रोज चार नाणी टाकून जायचा. एक दिवस त्या गरिबाला वाटलं आज बघूच कोण आहे ते. मार उक्वा आणि त्याची बायको दोघं दिसू नये म्हणून पळाले आणि निखारे नुकतेच बाजूला केलेल्या भट्टीत जाऊन लपले. पाय भाजले त्याचे. का एवढं, तर चारचौघांत कोणाची मान खाली घालण्यापेक्षा भट्टीत उडी मारलेली बरी.

मुलुंड आलं, लोंढा आत आला, बाकी रात्री.

खवचट_खंडू | बुधवार, सकाळी ९.३०

मला एक कळत नाही. मावशी स्वतःच म्हणतायत की १३ वर्षं झाली की जबाबदारी आपोआप येते. मग कार्यक्रम कशाला? आपोआप होतंय ते फुकट आहे. ज्या बाईकडे पैसे नाहीत तिच्या मुलासाठी हॉल, फोटोग्राफर, हे म्हणजे ऋण काढून सण. तेच पैसे शाळेत भरा, क्लास लावा, सायकल घ्या. आपल्याकडेही गरिबाच्या मुंजीत बँड वाजवणारे बघितलेत, त्या पैशात पोराचं वर्षाचं शिक्षण झालं असतं.

कडू वाटेल पण लिहिलं.

दिमोनाची_मावशी | बुधवार, दुपारी २.१०

खंडूभाऊ, कडू नाही वाटलं, नवरा हेच म्हणतो. बरोबर आहे, कार्यक्रम केला नाही म्हणून काही अडत नाही धर्माचं.

पण मुलाचं अडतं ना. इथे सातवीचा वर्ग म्हणजे वर्षभर बार मित्झ्वाच चालू असतात. आज याचा उद्या त्याचा, हॉलमध्ये वाढदिवसासारखं सगळ्या वर्गाला आमंत्रण. आमचा हा मुलगा (त्याला आपण बाळू म्हणू) पहिल्या दोघातिघांकडे गेला आणि मग जायचंच बंद केलं. आईला सांगायचा पोटात दुखतंय. तिला वाटलं पाकिटात घालायला पैसे नाहीत म्हणून असेल. इथे १८ च्या पटीत देतात, १८, ३६, १८०, कारण हिब्रूत जीव या शब्दाच्या अक्षरांची बेरीज १८ येते, आपण १०१, ५०१ देतो तसं. तिनं कुठून तरी १८० शेकेल आणून दिले तरी हा गेला नाही. मग एक दिवस म्हणाला, सगळे विचारतात तुझा कधी.

आता सांगा, सायकल घेऊन याचं उत्तर देता येतं का.

आणि तेफिल्लीन ही काही हौस नाही. कातड्याच्या दोन डब्या, एक दंडावर एक कपाळावर, आत चर्मपत्रावर हातानं लिहिलेले तोराचे चार उतारे. सगळी मिळून ३१८८ अक्षरं, एक अक्षर तुटलं तरी चालत नाही. त्यामुळे साधा सेट घ्यायचा तरी हजार शेकेलच्या पुढेच जातो. तो आयुष्यभर वापरायचा असतो.

खवचट_खंडू | बुधवार, दुपारी २.२५

पोटदुखीचं माहीत नव्हतं. गप्प बसतो. तेफिल्लीनला माझे १८ च्या पटीत लिहा, पण हॉलला नाही म्हणजे नाही.

न्यूजर्सीची_सई | बुधवार, संध्या. ७.००

मावशी मस्त धागा. इथल्या शेजारच्या मुलीच्या बात मित्झ्वाला गेले होते, मला वाटलं लग्नच आहे, चॉकलेटचं कारंजं, फोटो बूथ, मुलीच्या नावाचे टीशर्ट वाटले सगळ्यांना!! पण त्याच मुलीनं वर्षभर एका अन्नछत्रात डबे भरायचं काम केलेलं, इथे बऱ्याच मुलांकडून असा एक सेवेचा प्रकल्प करून घेतात त्या वर्षी. मेझॉन म्हणून एक संस्था आहे १९८५ पासूनची, भुकेवर काम करते, त्यांची मूळ कल्पनाच अशी की तुमच्या घरच्या कार्याचा जो खर्च होईल त्याच्या ३ टक्के भुकेल्यांसाठी बाजूला काढा. मला फार आवडलं ते, आपल्या लग्नांत केलं तर केवढं होईल.

अजून एक त्या मुलीच्या आजीनं सांगितलेलं. सत्तर-ऐंशीच्या दशकात सोविएत रशियातल्या ज्यू मुलांना हे सगळं उघडपणे करता यायचं नाही, तर अमेरिकेतली मुलं आपल्या बार मित्झ्वात तिकडच्या एकेका मुलाचं नाव घ्यायची, स्टेजवर एक खुर्ची त्याच्या नावानं रिकामी ठेवायची. आजीकडे त्या खुर्चीचा फोटो आहे.

तुमच्याकडे असं जोडीनं नाही का करता येणार? म्हणजे एखाद्या बऱ्या परिस्थितीतल्या मुलाबरोबर बाळूचा. कोथरूडकरांच्या आजोबांसारखं पण आत्या वगळून 😄

दिमोनाची_मावशी | बुधवार, रात्री ९.२०

सई, जोडीचा विचार केला होता पण गाव लहान आहे गं, कोण कोणाचा खर्च करतंय ते दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याला माहीत असतं. मोठ्या गर्दीत ते लपतं. कोलेल खबाद म्हणून फार जुनी संस्था आहे, १७८८ ची, ते वडील किंवा आई गेलेल्या मुलांचा जेरुसलेमला एकत्र बार मित्झ्वा करतात, शंभराच्या वर मुलं असतात. तिथे सगळेच तसे, मग कोणी कोणाकडे बघत नाही. आम्ही बाळूच्या आईला ते सुचवलं होतं. ती म्हणाली, तिथे तो वडील नसलेला मुलगा म्हणून जाईल, मला तो नुसता मुलगा म्हणून जायला हवाय. यावर काय बोलणार.

मुलुंडचा_मध्या | बुधवार, रात्री ९.४५

मुलींचं कसं असतं? त्या पण तोरा वाचतात का?

ठाणे_लोकल | बुधवार, रात्री १०.३०

मध्या, ते कोणत्या पंथाचे त्यावर आहे. सनातनी लोकांत मुली सगळ्यांसमोर तोरा वाचत नाहीत. सुधारक पंथांत वाचतात, अमेरिकेतली पहिली जाहीर बात मित्झ्वा न्यूयॉर्कला मार्च १९२२ मध्ये झाली, जूडिथ कॅप्लन, तिचे वडील मोर्डेकाय कॅप्लन स्वतः रब्बी, म्हणजे धर्मगुरू, होते.

सकाळचं राहिलेलं. खंडू, तालमूदमध्येच हिल्लेल या जुन्या धर्मगुरूची गोष्ट आहे. एक चांगल्या घरातला माणूस गरिबीत आला, तर हिल्लेलनं त्याला बसायला घोडा आणि पुढे पळायला नोकर दिला. एक दिवस नोकर मिळाला नाही तर हिल्लेल स्वतः त्याच्या घोड्यापुढे पळत गेला. कारण वचन असं आहे की त्याला जे उणं आहे ते पुरं कर, तुझ्या मते जे उणं आहे ते नाही. तेव्हा हॉलचा विचार परत करा 😉

खवचट_खंडू | बुधवार, रात्री १०.३५

घोडा देतो. डीजे देणार नाही.

रेहोवोतचा_पोस्टडॉक | गुरुवार, सकाळी ८.१५

मावशी, मी रेहोवोतला असतो, वाइझमन संशोधन संस्थेत. मूळ साताऱ्याचा. फोटोग्राफर लागत असेल तर मी येतो, कॅमेरा बरा आहे, पैसे नकोत, फेसबुक तर माझ्याकडे नाहीच, त्यामुळे तो प्रश्नच मिटला.

या गावात २०१५ मध्ये एक प्रकरण झालेलं, इथले जुने लोक अजून हळहळतात. स्वमग्न मुलांचा बार मित्झ्वा ठरला होता, मुलांनी कित्येक महिने तयारी केलेली, पण तो होणार होता मासोर्ती, म्हणजे सनातनी नसलेल्या, पंथाच्या सिनेगॉगमध्ये. ऐनवेळी नगरपालिकेकडून हरकत आली आणि कार्यक्रम रद्द. मग राष्ट्राध्यक्ष रिव्हलिन यांनी आपल्या निवासस्थानी करू म्हटलं, तर तिथे कोणत्या पंथाचे रब्बी असणार यावरून परत फिसकटलं. मोठ्यांच्या फलकाची भांडणं आहेत ही पण, फक्त कापडाचा नसतो तो फलक.

दिमोनाची_मावशी | गुरुवार, सकाळी ११.००

पोस्टडॉक, सातारचा आहेस तर ये रे बाबा, झुणका करून घालते.

मध्या, आमच्या मुलीचं ठरलंय, ती हाफ्राशात खाल्ला करणार. म्हणजे पावाचं पीठ मळायचं, त्यातला एक गोळा आशीर्वादाचं वाक्य म्हणत वेगळा काढायचा. इथे बात मित्झ्वाला खूप मुली करतात. आईची भाषा रशियन, आमची मराठी, पीठ मळताना कोणाला काही बोलावं लागत नाही.

बाकी खबर अशी की साहेबांशी काल बोलणं झालं. मी त्यांना भट्टीची गोष्ट सांगितली (ठाणे_लोकल, तुझ्या जिवावर). ते म्हणाले मावशी गोष्ट छान आहे, पण फलक नसेल तर मी हॉल देत नाही. तेफिल्लीन दोन देतो, कोणाला सांगू नका. म्हणजे माणूस वाईट नाही हो. फलकाशिवायचं दान त्याला लहानच जमतं, एवढंच.

त्यामुळे हॉल गेला. आता कार्यक्रम आमच्या बिल्डिंगखालच्या मिकलातमध्ये, म्हणजे हल्ला झाला तर लपायची जागा. एरवी तिथे बायकांचा योगा चालतो. रंग आम्हीच लावतोय. आणि बाळूच्या आईनं हट्टानं ३६० शेकेल दिले, तीन हप्त्यांत. भाड्याची पावती तिच्याच नावावर केलीय. पावती बघून बाळूनं विचारलं, आई तू भरलेस? ती म्हणाली हो मग.

दिमोनाची_मावशी | पुढचा सोमवार, रात्री १०.००

घोटाळा झालाय. तेफिल्लीन आली, सुंदर आहे, पण बाळू डावखुरा निघाला!! तेफिल्लीन बांधायची कमजोर हाताला, म्हणजे उजवे लोक डाव्या हाताला आणि डावखुरा उजव्या हाताला. गाठ हृदयाच्या बाजूला यायला हवी, डावखुऱ्याची गाठ उलटी असते. आम्ही नऊ बायका, नऊ महिने त्याला जेवू घालतोय, चमचा कोणत्या हातात आहे ते एकीनंही पाहिलं नाही. गुरुवारी जेरुसलेमला जायचंय, तोरा वाचायला.

कोथरूडकर_७१ | सोमवार, रात्री १०.१०

अरेरे. बदलून मिळत नाही का?

ठाणे_लोकल | सोमवार, रात्री १०.२०

बदलायची गरज नाही मावशी, सोफेरकडे जा, म्हणजे जो ही लिहितो त्याच्याकडे. पट्टा काढून गाठ उलट बांधून देईल, तासाभराचं काम. आत लिहिलेल्याला हात लावावा लागत नाही. बीरशेवाला नक्की मिळेल कोणीतरी.

आणि गुरुवारचं वाचन छोटं असतं, येत्या शब्बाथच्या (शनिवारच्या) परशाचा, म्हणजे त्या आठवड्याच्या तोराच्या पाठाचा, फक्त पहिला तुकडा, तीन माणसांत वाटलेला. पहिला मान कोहेनचा (पुरोहित घराण्यातला), दुसरा लेवीचा (मंदिराच्या सेवेकऱ्यांच्या घराण्यातला), तिसरा बाळूचा. आपल्यात कोहेन-लेवी नसतातच त्यामुळे तिथे कोणीतरी उसने घ्यावे लागतील.

दिमोनाची_मावशी | शुक्रवार, दुपारी १.००

झालं एकदाचं. शब्बाथ लागायच्या आत लिहून टाकते.

सोफेरनं गाठ करून दिली, पैसे विचारले तर हातानंच उडवून लावलं. काल पहाटे साडेचारला मिनीबस काढली, जेरुसलेमला कोतेलला, म्हणजे पश्चिम भिंतीला. सोमवार-गुरुवार तिथे बार मित्झ्वाची जत्राच असते, ढोल, शोफार (फुंकायचं शिंग), छत्र धरून नाचत आणतात मुलाला. आम्ही ढोलवाला केला नव्हता. पण आमच्या पुढे एक मोरोक्कन कुटुंब होतं, त्यांच्या ढोलवाल्यानं मागे वळून पाहिलं, बाळूला पुढे ओढलं आणि दोघांना एकाच छत्राखाली नाचवत नेलं. कोणी विचारलं नाही कोण तुम्ही. कोहेन पण त्यांचाच वापरला.

बायकांची बाजू वेगळी असते, मध्ये आडोसा. त्यामुळे सगळ्या आया प्लास्टिकच्या खुर्च्यांवर चढून पलीकडे बघतात. बाळूची आई चढली, मी खुर्ची धरून उभी. बाळूला बांधून द्यायला माझा नवरा होता. सिसिथ, म्हणजे प्रार्थनेची शाल, नवऱ्यानं स्वतःची दिली, अलिबागहून त्याच्या वडलांनी आणलेली, पिवळी पडलीय. सात वेढे हाताला घालताना बाळूचा हात थरथरत होता, हे तिनं तिकडून पाहिलं, मला काय दिसतंय, मला खुर्चीचा पाय दिसतोय.

वाचन झाल्यावर वडील एक वाक्य म्हणतात, ज्यानं मला याच्या जबाबदारीतून मोकळं केलं तो धन्य. आम्हाला आठवडाभर हाच घोर होता की ते कोण म्हणणार. नवरा म्हणाला मी बाप नाही, मी म्हणणार नाही, रब्बींनी पण म्हटलं राहू दे. तर तिकडे शांत झालं तेव्हा हिनं खुर्चीवरून हळूच म्हटलं, हिब्रूत, अगदी बरोबर. तिनं पाठ केलं होतं. कधी केलं देव जाणे. बाळूला ऐकू गेलं नसेल. मग मुलावर उधळायच्या गोड गोळ्यांची पिशवी उघडली आणि असा नेम धरून मारलं की पहिलीच गोळी माझ्या नवऱ्याच्या टकलावर. कालपासून आरशात बघतोय.

संध्याकाळी मिकलातमध्ये अख्खा वर्ग आला. बाळू सगळ्यांना दंडावरचे पट्ट्यांचे वळ दाखवत होता, ते कधीच गेले होते तरी. एलियाहू हनाबीच्या (एलिया प्रेषिताच्या) नावानं मलिदा केला, भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वर फळं. इथिओपियन मुलानं (त्याचा पुढच्या गुरुवारी आहे) तीनदा घेतला आणि विचारलं माझ्याकडे पण हाच कराल ना.

पोस्टडॉकनं फोटो पेनड्राइव्हवर आईकडे दिले. फक्त आईकडे.

खंडूभाऊ, तुमचे पोचले, त्यातून मिनीबसचं डिझेल झालं.

खवचट_खंडू | शुक्रवार, दुपारी १.२०

मी तेफिल्लीनला दिले होते. असो. घोडाच आहे मिनीबस.

न्यूजर्सीची_सई | शुक्रवार, संध्या. ६.३०

ऑफिसात वाचलं, डोळे पुसत बसलेय. मुलीचा कधी आहे? खाल्ल्याचं पीठ माझ्याकडून.

दिमोनाची_मावशी | शनिवार, रात्री ८.४०

सई, पुढच्या महिन्यात. पीठ तुझं.

एक अडचण आहे. दुकानात जाडे पोहे संपलेत, पातळच उरलेत आणि इथिओपियन मुलाचा गुरुवारी आहे. पातळ चालतील का मलिद्याला?

ठाणे_लोकल | शनिवार, रात्री ८.४२

मावशी नको! पातळाचा गिचका होतो. रामलेला कोणाला तरी फोन करा, तिथे आपल्या दुकानात असतील जाडे.